आर्गन वेल्डिंगमधील पिनहोल : दोष कुठे शोधावा?

स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत कितीतरी कामे आज आपले कारागीर बंधू टिग, म्हणजे आपल्या बोलीत आर्गन वेल्डिंगने करतात. या धंद्यात सर्वांत जास्त डोकेदुखी होते ती पिनहोलची. सांधा वरून चकचकीत दिसतो, पण बफ मारला की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडतात. टाकीत पाणी भरले की सांध्याला घाम फुटतो आणि माल परत येतो. मजुरी जाते ती जातेच, गिऱ्हाईकही जाते.

आमच्या परिचयाच्या एका बंधूंच्या वर्कशॉपमध्ये ऐन उन्हाळ्यात असेच झाले. त्यांनी आर्गनची बाटली बदलली, रॉड बदलला, शेवटी पोराच्या हातावर ठपका ठेवला. सकाळचे सांधे चांगले आणि जोहरनंतरचे खराब, ही गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. दुपारी उकाडा वाढला की कोपऱ्यातला मोठा पंखा चालू होई आणि त्याचा वारा थेट टेबलावर येई. पंखा फिरवला, छिद्रे बंद झाली. त्या पोराची मात्र दोन आठवड्यांची बोलणी फुकट गेली.

छिद्र पडते याचा अर्थ वितळलेल्या धातूत वायू अडकला. तो बाहेरच्या हवेतून आला असेल, नाहीतर जॉबवरच्या तेल, रंग, गंज किंवा ओलाव्यातून. म्हणून संशयित दोनच : गॅस आणि घाण. दोहोंपैकी कोण, हे पाच मिनिटांत कळते. त्याच धातूचा एक तुकडा ग्राइंडरने पांढरा करा, ॲसिटोनने पुसा, वाळू द्या आणि त्याच सेटिंगवर, पुसलेल्या रॉडने एक रेघ ओढा. रेघ साफ आली तर दोष जॉबमध्ये आहे. तिथेही छिद्रे पडली तर गॅसकडे वळा.

गॅसमध्ये पहिली चूक होते ती जास्त सोडण्याची. साधारण कपाला मिनिटाला 8 ते 12 लिटर पुरतात. त्याहून फार वाढवले तर आर्गन भोवऱ्यासारखा फिरतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. बाटलीवरचा दाबाचा काटा पाहून समाधान मानू नये, फ्लोमीटरची गोळी पाहावी. पाइपचे नट ढिले असले तर हवा आत शिरते, तेव्हा प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. तडकलेला कप, टॉर्चमधली झिजलेली रबरी रिंग, फार आडवा धरलेला टॉर्च, लांब आर्क, हेही पाहावे. आणि बाटली शुद्ध आर्गनचीच आहे ना? मिगसाठीची सीओटू मिसळलेली बाटली चुकून लागली तर टंगस्टन लगेच जळू लागते.

आता घाण. माइल्ड स्टीलवरची काळी खपली पुष्कळांना घाण वाटतच नाही, पण आर्क तिच्यावर नाचते आणि सांधा फसफसतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर, आणि मागूनही, पांढरा धातू दिसेपर्यंत घासावे. रॉड पुसायला बहुतेक जण विसरतात. तेलकट हातमोज्याने धरलेला रॉड स्वच्छ जॉबही बिघडवतो. पावसाळ्यात थंड पत्र्यावर दव बसते, ते आधी हलके गरम करून उडवावे. माइल्ड स्टीलवर रॉडशिवाय नुसते वितळवूनही छिद्रे पडतात. सिलिकॉन आणि मँगनीज असलेला टिगचा रॉड घ्यावा, गॅस वेल्डिंगचा स्वस्त रॉड नव्हे.

दोन ठिकाणी मात्र प्रश्न जिवाचा आहे. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटने पुसलेल्या जॉबवर आर्क मारल्यास फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ॲसिटोन वापरावे, तेही वाळल्यावरच आर्क मारावी आणि डबा दूर ठेवावा. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा जस्ताचा थर आधी काढून टाकावा. जस्त 907 अंशांवर उकळते, लोखंड 1500 च्या आसपास वितळते, म्हणून सांधा जुळण्याआधीच पांढरा धूर निघतो. त्याने छिद्रे पडतात आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

टंगस्टन वितळलेल्या धातूत बुडाले की तसेच काम पुढे रेटू नये. काढून पुन्हा धार करावी, तीही वेगळ्या चाकावर आणि लांबीच्या दिशेने. आर्क बंद झाल्यावर टॉर्च काही क्षण जागेवरच ठेवावा. घाईने उचलला तर टंगस्टन निळेकाळे पडते.

स्टेनलेसच्या पाइपात मागील बाजूने आर्गन न सोडल्यास आतून काळी, साखरेसारखी खरखरीत पपडी येते. आर्गन हवेपेक्षा जड आहे. तो टाकीच्या तळाशी साचतो आणि आत उतरलेल्या माणसाला न कळता गुदमरवतो. टाकी हवेशीर केल्याखेरीज पोराला आत उतरवू नये, आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा.

छिद्र सापडले तर वरून आणखी एक थर चढवून ते झाकले जात नाही. खालचा वायू नव्या थरातही वर येतो, किंवा छिद्र आत तसेच राहते. ते दिसेनासे होईपर्यंत ग्राइंडरने खोदून, पुसून नव्याने भरावे लागते. तासभर जातो खरा, पण टाकी गिऱ्हाइकाच्या गच्चीवर चढल्यावर तेच काम शिडी लावून, भाड्याचा टेम्पो करून आणि फुकट करावे लागते. टाकी देण्याआधी रात्रभर पाणी भरून ठेवावी आणि सकाळी प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवून पाहावा.