बस, थांबा आणि परवाना : प्रादेशिक वाहतुकीत स्थानिक संस्थांची भागीदारी

एखाद्या गावात सकाळी सातची बस वेळेवर येणे ही वरवर साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्या एका फेरीमागे अनेक कार्यालये उभी असतात. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा असतो. थांब्याची शेड नगरपालिकेची असते. परवाना प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देते. बस राज्य महामंडळाची किंवा खाजगी मालकाची असते आणि भाड्याचा दर राज्य शासन ठरवते. या साखळीतील एक कडी निखळली तरी बस येत नाही. मग मुलांचा पहिला तास बुडतो, मजुराचा खाडा होतो आणि रुग्ण दवाखान्याच्या वेळेनंतर पोहोचतो. तक्रार कोणाकडे करावी, हेही त्याला ठाऊक नसते. म्हणूनच वाहतूक सुधारणे म्हणजे केवळ नव्या बस विकत घेणे नव्हे. या वेगवेगळ्या संस्थांना एका कामात बांधणे हा तिचा गाभा आहे. इंदूर शहराने या दिशेने केलेल्या प्रयोगाच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

थांबा नगरपालिकेचा, बस कोणाची?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका आणि महानगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यासोबत घटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिले आहेत. त्यांत रस्ते व पूल आहेत. पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयीही आहेत. मात्र सार्वजनिक बससेवा हा विषय त्यात स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे थांबा नागरी संस्थेचा, पण त्या थांब्यावर बस येईल की नाही हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याचा, अशी स्थिती निर्माण झाली.

हा अधिकार मुख्यतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. या कायद्यानुसार राज्य परिवहन प्राधिकरण व प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे बसना परवाने देतात आणि मार्ग ठरवून देतात. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या बससाठी दोन राज्यांमध्ये परस्पर करार व्हावा लागतो. बेळगाव, निपाणी, चंदगड किंवा सावंतवाडी, पेडणे अशा सीमेवरच्या पट्ट्यातील प्रवाशांना या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. बाजार एका राज्यात, महाविद्यालय दुसऱ्या राज्यात आणि बसच्या फेऱ्या मात्र दोन्ही राज्यांच्या करारावर अवलंबून, असा त्यांचा रोजचा अनुभव असतो.

काही शहरांनी मात्र बससेवा पूर्वीपासून स्वतःच चालवली. मुंबई महानगरपालिकेने १९४७ मध्ये शहरातील वीज व वाहतूक कंपनी ताब्यात घेतली आणि ती ‘बेस्ट’ या नावाने पुढे चालवली. पण अशी शहरे थोडी. बहुतेक मध्यम शहरे राज्य महामंडळावर किंवा खाजगी टेम्पो आणि मिनीबसवर विसंबून राहिली.

इंदूरचा प्रयोग

मध्य प्रदेश शासनाने २००५ मध्ये तोट्यात बुडालेले राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याच सुमारास इंदूरमध्ये महानगरपालिका आणि इंदूर विकास प्राधिकरण या दोन संस्था एकत्र आल्या. त्यांनी समान भागीदारीत शहर बससेवेसाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली. ती आज अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड या नावाने ओळखली जाते. २००६ मध्ये तिच्या बस रस्त्यावर आल्या. तोपर्यंत शहरातील बहुतेक प्रवासी ‘नगर सेवा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिनीबस, टेम्पो आणि रिक्षा यांनीच ये-जा करत असत.

या रचनेचे वैशिष्ट्य कामाच्या वाटणीत होते. कंपनीने स्वतः बस खरेदी केल्या नाहीत. मार्ग आखणे, भाडे व वेळापत्रक ठरवणे, निविदा काढून चालक संस्था निवडणे आणि देखरेख करणे ही कामे तिने स्वतःकडे ठेवली. बस विकत घेणे, चालक-वाहक नेमणे आणि दुरुस्ती करणे हे काम खाजगी संस्थांना दिले. पासविक्रीचे काम निराळ्या संस्थेकडे गेले. बस कोठे आहे हे उपग्रहाच्या साहाय्याने टिपणारी यंत्रणाही बसवण्यात आली. तिकिटाचे उत्पन्न चालक संस्थेकडे राही आणि त्या बदल्यात ती कंपनीला ठराविक रक्कम देई. पास आणि जाहिराती यांच्या उत्पन्नातही वाटा असे. थोड्या भांडवलावर, मोठा नोकरवर्ग न बाळगता, एका नागरी संस्थेला बससेवा उभी करता येते हे यातून दिसले. देशातील अनेक शहरांनी या रचनेचा अभ्यास केला.

या भागीदारीतील दुसरा धागा प्रशासनाचा होता. महापौर, महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी आणि विकास प्राधिकरण हे सर्व एकाच कंपनीच्या कामाशी जोडले गेले. एरवी ज्या निर्णयासाठी चार कार्यालयांत फाईल फिरली असती, तो निर्णय एका बैठकीत होणे त्यामुळे शक्य झाले. कंपनी हे कायदेशीर रूप आवश्यक होते, पण यशाचे खरे कारण हा समन्वय होता.

कराराची दोन रूपे

खाजगी संस्थेशी करार करताना तोटा कोणी सोसायचा हा मूळ प्रश्न असतो. पहिल्या प्रकारात तिकिटाचे उत्पन्न चालक संस्था ठेवते आणि नफा-तोटाही तिचाच असतो. दुसऱ्या प्रकारात तिकिटाचे सर्व उत्पन्न सार्वजनिक कंपनीकडे जमा होते आणि चालक संस्थेला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात.

दोन्हींतील फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका मार्गावर बस चालवण्याचा खर्च किलोमीटरला ५० रुपये आणि तिकिटाचे उत्पन्न ६० रुपये आहे असे समजू. दुसऱ्या मार्गावर खर्च तितकाच, पण उत्पन्न ३० रुपये आहे. पहिल्या प्रकारच्या करारात चालक संस्था पहिल्या मार्गावर फेऱ्या वाढवेल आणि दुसऱ्या मार्गावरच्या फेऱ्या हळूहळू गळतील. शहराच्या कडेची वस्ती बहुधा याच दुसऱ्या मार्गावर असते. दुसऱ्या प्रकारच्या करारात संस्थेला दोन्ही मार्ग सारखेच, कारण तिला किलोमीटरचे पैसे मिळणारच. मात्र तेथे किलोमीटरमागे २० रुपयांची तूट सार्वजनिक कंपनीच्या माथी येते. ती भरून काढण्याची तरतूद नसेल तर बिले थकतात आणि अखेर बस उभ्या राहतात. शिवाय या प्रकारात चालक संस्थेला प्रवासी मिळवण्याची ओढ राहत नाही. त्यामुळे बस थांब्यावर थांबते की नाही यावर कडक देखरेख ठेवावी लागते.

केंद्र शासनाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर केलेल्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत दुसरा मार्ग स्वीकारला आहे. खाजगी भागीदारीतून १०,००० विजेवरच्या बस चालवण्याची ही योजना आहे. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी ती आखली आहे आणि जेथे संघटित बससेवा नाही अशा शहरांना तीत प्राधान्य आहे. बस चालवण्यासाठी दहा वर्षे केंद्राकडून साहाय्य मिळायचे आहे. त्यानंतरचा भार राज्य आणि नागरी संस्था यांनाच उचलावा लागेल. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीच अकराव्या वर्षाचा हिशेब मांडणे शहाणपणाचे ठरेल.

भागीदारी सैल झाली तर

इंदूरच्याच अनुभवातून दुसरी बाजूही समजते. आग्रा–मुंबई रस्त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी सुमारे साडेअकरा किलोमीटरची, केवळ बससाठी राखीव मार्गिका तयार करण्यात आली. तिच्यावर मे २०१३ मध्ये बस धावू लागल्या. बसला गर्दीतून वेगळी वाट मिळाल्याने प्रवाशांचा वेळ वाचला. पण इतर वाहनांना रस्ता अपुरा पडतो, ही तक्रार सुरुवातीपासून राहिली आणि प्रकरण न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने मार्गिका काढण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यास परवानगी दिली. निर्णय योग्य की अयोग्य याबद्दल मतभेद राहतील. धडा मात्र स्पष्ट आहे. बसला जागा द्यायची की नाही, याबद्दल नागरी संस्था, राज्य शासन, वाहतूक पोलीस आणि नागरिक यांच्यात टिकाऊ एकमत नसेल, तर सिमेंटमध्ये बांधलेली योजनाही कायम राहत नाही.

शहराची हद्द संपते तेथे

प्रवासी महापालिकेच्या हद्दीवर उतरत नाही. इंदूरचा कामगार पीथमपूरच्या कारखान्यात जातो आणि महूचा विद्यार्थी इंदूरच्या महाविद्यालयात येतो. म्हणून प्रादेशिक वाहतुकीसाठी एका शहराची कंपनी पुरत नाही. दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी खर्चाची वाटणी आधीच ठरवावी लागते.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांच्या वेगवेगळ्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ स्थापन झाले. त्यातील तुटीचा भार पुण्याने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के उचलण्याचे सूत्र ठरले. सूत्रावरून वाद होतात, पण सूत्र असल्यामुळे दोन शहरांमधील बस थांबत नाही. हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांदरम्यान सुमारे २२ किलोमीटरची जलद बससेवा एका स्वतंत्र कंपनीमार्फत उभी राहिली. २ फेब्रुवारी २०२० रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले.

मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये याच्या पुढचे पाऊल उचलले. महामंडळ बंद पडल्यावर वीस वर्षे ग्रामीण प्रवासी जवळजवळ पूर्णपणे खाजगी बसवर अवलंबून होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ योजनेला मंजुरी दिली. तिच्यात राज्य पातळीवर एक धारक कंपनी आणि तिच्या अखत्यारीत भोपाळ, इंदूर, उज्जैन, जबलपूर, सागर, ग्वाल्हेर व रीवा येथे सात प्रादेशिक कंपन्या अशी रचना आहे. शहरांच्या जुन्या बस कंपन्या या प्रादेशिक कंपन्यांना जोडल्या जाणार आहेत. बस खाजगी संस्थांच्या राहतील. मार्ग आणि देखरेख सार्वजनिक कंपनीकडे राहील. थोडक्यात, इंदूरचे २००५ चे सूत्र आता शहराबाहेर नेण्याचा हा प्रयत्न आहे. कमी प्रवासी असलेल्या गावांच्या मार्गांची तूट कोण भरणार, या प्रश्नाच्या उत्तरावरच त्याचे यश ठरेल.

थांबा आणि शाळा

वाहतुकीचा शिक्षणाशी असलेला संबंध अनेकदा दुर्लक्षित राहतो. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम बहुसंख्य गावांत पक्के जोडरस्ते आणि बसथांबे यांची उणीव असल्याची नोंद केली होती. शाळा गावात नसेल आणि बसही नसेल, तर शिक्षण सुटते. पहिल्यांदा मुलीचे सुटते, कारण अंधार पडण्यापूर्वी ती घरी कशी परतेल याची खात्री आईवडिलांना हवी असते.

अलीकडे राज्यांनी भाड्याचा प्रश्न हाती घेतला. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये आणि तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील महिलांसाठी साध्या बसमधून मोफत प्रवास सुरू केला. या सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच असतात आणि बस असेल तेथेच त्यांचा उपयोग होतो. ज्या वाडीत फेरीच नाही, तेथे मोफत तिकिटाला अर्थ राहत नाही.

स्थानिक पातळीवर काय शक्य आहे?

पहिली गोष्ट म्हणजे माहिती. कोणत्या वस्तीतून किती विद्यार्थी, कामगार आणि रुग्ण कोणत्या वेळी कोठे जातात, याची यादी ग्रामपंचायत, शाळा आणि मोहल्ल्यातील संस्था महिनाभरात तयार करू शकतात. परिवहन प्राधिकरणासमोर तोंडी तक्रारीपेक्षा अशी यादी अधिक वजनदार ठरते. दुसरी गोष्ट वेळेची. शाळा व महाविद्यालयांनी आपसात वेळा जुळवल्या तर एक फेरी दोन-तीन संस्थांना पुरते आणि बस भरून धावते. तिसरी गोष्ट म्हणजे अंदाजपत्रक. लगतच्या नगरपालिका व ग्रामपंचायतींनी ठराव करून तुटीच्या एखाद्या फेरीचा थोडा भार वाटून घेण्याची तयारी दाखवली, तर महामंडळ किंवा बस कंपनी यांच्याशी बोलणी करण्यास आधार मिळतो. चौथी गोष्ट देखरेखीची. फेरी सुरू झाल्यावर ती किती दिवस आली आणि किती दिवस चुकली याची नोंद थांब्याजवळच्या शाळेने ठेवावी. करारात दंडाची तरतूद असली तरी नोंद नसेल तर ती कागदावरच राहते.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती सातत्याने पाठपुरावा करण्याची तयारी. राज्य कायदा करील, केंद्र बस देईल, खाजगी संस्था चालक नेमील. पण कोणत्या थांब्यावर किती वाजता कोण उभे आहे, हे स्थानिक संस्थेलाच ठाऊक असते. ते ज्ञान निर्णयाच्या टेबलापर्यंत पोहोचवणे हेच या भागीदारीतील स्थानिक संस्थांचे मुख्य काम आहे.