महाग देशात पाहुणे का जातात, आणि का थांबतात?

आजचा विषय तसा घरगुती आहे. सहलीचं ठरवताना आपण आधी काय विचारतो? "खर्च किती येईल?" हाच प्रश्न लाखो लोकांनी एकदम विचारला, की एखाद्या देशाचं काय होतं, ते आज पाहू. उदाहरण घेऊ स्वित्झर्लंडचं.

तारीख 15 जानेवारी 2015, गुरुवार. त्याआधी, सप्टेंबर 2011 पासून, स्विस मध्यवर्ती बँकेने ठरवलं होतं की एक युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही. त्या गुरुवारी सकाळी बँकेने ही मर्यादा अचानक काढून टाकली. काही मिनिटांत फ्रँक वधारला आणि पुढे युरो आणि फ्रँक जवळपास एकास एक झाले.

आता हिशोब करू. समजा, डोंगरातल्या एका हॉटेलात खोलीचं भाडं 180 फ्रँक आहे. आदल्या दिवशी जर्मन पाहुण्याला ती खोली 150 युरोला पडत होती. आता तीच खोली 180 युरोला. म्हणजे वीस टक्के महाग! आणि गंमत बघा, हॉटेलवाल्याने एक फ्रँकसुद्धा वाढवलेला नाही. त्याला पगार फ्रँकमध्ये द्यायचेत, कर्जाचा हप्ता फ्रँकमध्ये, विजेचं बिल फ्रँकमध्ये. तो दर उतरवणार तरी किती? इथून पहिला मुद्दा लक्षात घ्या: पर्यटकासाठी किंमत म्हणजे स्थानिक दर गुणिले चलनाचा भाव. यातला दुसरा भाग हॉटेलवाल्याच्या हातात नसतो.

मग झालं काय? त्या वर्षी जर्मन पाहुण्यांचे हॉटेलातले मुक्काम दहा टक्क्यांहून जास्त घटले. साहजिक आहे. शेजारी ऑस्ट्रिया आहे. तिथे तेच आल्प्स, तोच बर्फ, भाषा जर्मन आणि पैसे युरोत. पर्याय दाराशी असला की माणूस थांबत नाही. खुद्द स्विस लोकसुद्धा किराणा आणायला सीमेपलीकडे जर्मनीत जाऊ लागले होते!

पण त्याच वर्षी भारत आणि चीनमधून येणाऱ्यांचे मुक्काम वाढले, आणि चांगले वाढले. आता हे कोडं कसं सोडवायचं?

दोन कारणं सांगतो. एक, अंतर. म्युनिकहून गाडी काढून येणाऱ्याचा बराचसा खर्च हॉटेल आणि जेवणावर होतो. खोली महागली की पूर्ण सहलच महागते. मुंबईहून येणाऱ्याच्या खर्चात विमानाचं तिकीट आणि व्हिसा हा मोठा वाटा असतो. खोली वीस टक्के महागली तरी एकूण खर्च तेवढा वाढत नाही. शिवाय आपले लोक तिथे सरासरी दोनेक रात्रीच राहतात, बाकी दिवस पॅरिस, रोम. दुसरं कारण, पर्याय. ज्याने लहानपणापासून पडद्यावर ते हिरवे उतार पाहिलेत, त्याला ऑस्ट्रियाचे उतार दाखवून चालत नाही. इंटरलाकेन गावात यश चोप्रांचा पुतळा उभा आहे, तो उगाच नाही.

तर दुसरा मुद्दा असा: महागाईचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. जवळचा, वरचेवर येणारा, पर्याय असलेला पाहुणा आधी जातो. पण आठवडाभर राहणारा, दरवर्षी येणारा, आडगावातल्या छोट्या हॉटेलाला जगवणारा पाहुणाही तोच असतो. दोन रात्रींचे गट ठरलेल्या चार ठिकाणीच उतरतात. देशाचा एकूण आकडा फारसा हलला नाही, तरी एखाद्या दरीतली हॉटेलं रिकामी राहू शकतात. म्हणून नुसती सरासरी पाहून समाधान मानू नका.

आता उलट बाजू, जपान. 2012 साली एका डॉलरला साधारण 80 येन मिळत. 2024 मध्ये 150 च्या आसपास. परदेशी पाहुणे 2012 मध्ये 83 लाख होते, 2024 मध्ये 3 कोटी 68 लाख. सगळं श्रेय येनला देऊ नका. व्हिसाचे नियम सैल झाले, स्वस्त विमानं आली. पण स्वस्ताईने हात दिला हे नक्की. त्याची किंमतही आहे. गर्दी इतकी झाली की फुजी पर्वताच्या सर्वांत वर्दळीच्या वाटेवर 2024 मध्ये 2000 येन शुल्क लावलं, पुढच्या वर्षी ते 4000 केलं. पाहुण्याला जे स्वस्त, ते येनमध्ये पगार घेणाऱ्याला स्वस्त असतंच असं नाही.

शेवटी एक प्रश्न घेतो. गोव्यात होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, "आम्ही दर कमी केले तर परदेशी पाहुणे परत येतील का?" ताई, 2019 मध्ये गोव्यात नऊ लाखांवर परदेशी पाहुणे आले होते. 2024 मध्ये साधारण त्याच्या निम्मे. यामागे कोविड आहे, युद्ध आहे, बंद झालेली चार्टर विमानं आहेत. तुमच्या खोलीच्या दराने ती विमानं परत येणार नाहीत. पण पाहुणा बेरीज करतो ती विमानतळापासून: टॅक्सी, जेवण, खोली, सगळं मिळून. तुम्ही दोनशे रुपये सोडलेत आणि टॅक्सीत त्याचे हजार जास्त गेले, तर त्याच्या लेखी गोवा महागच. आधी ती पूर्ण बेरीज स्वतः करून पाहा, आणि मग ठरवा की दर उतरवायचा, की पाहुण्याला आणायला गाडी पाठवायची.