पेरणी करावी की बाग लावावी?

जालन्याच्या शिवारात शेती दोन तऱ्हेची. कापूस दर पावसाळ्यात नव्याने लावायचा. मोसंबी एकदा लावली की वर्षानुवर्षे जोपासायची. संगणकाच्या कार्यप्रणालीचेही तसेच आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी नवी येते. तोवर मोठे फेरबदल नाहीत. 'रोलिंग रिलीज' प्रणाली मात्र एकदाच बसवायची; मग सुधारणा थोड्या थोड्या सतत येत राहतात.

जाणकाराने यांतली कोणती निवडावी? २००२ साली निघालेली आर्च लिनक्स म्हणजे नांगरलेली मोकळी जमीन. झाड कोणते, ते तुम्हीच ठरवा. जेंटूत बहुतेक प्रोग्राम मूळ संहितेपासून आपल्याच यंत्रावर घडवतात. हौस दांडगी आणि सवड भरपूर, त्यांनी ती घ्यावी. ओपनसुसे टंबलवीड सुधारणा आधी स्वयंचलित चाचण्यांतून पारखते आणि बिघडल्यास पूर्वस्थितीला परतण्याची सोय ठेवते. संसारी माणसाला हीच बरी!

पण बाग लक्ष मागते. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या. पेरणी बुडाली तर हंगाम जातो; बाग वाळली तर वर्षांची मेहनत जाते. आर्चमध्ये सुधारणा महिनोन्महिने तुंबवल्या किंवा अर्धवट घेतल्या, की यंत्र अडण्याचा संभव. म्हणून आधी सूचना वाचाव्यात, कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवावी.

आणि वाचकहो, मुलांचे परीक्षेचे अर्ज व घरचा हिशेब ज्या संगणकावर आहे, तेथे स्थिर प्रणालीच असू द्या. हौसेची बाग दुसऱ्या यंत्रावर लावा.