सातारा हिल मॅरेथॉन : दोन तासांचं गणित घाटात का बिघडतं?

सांगली सपाटीवर, सातारा डोंगराच्या कुशीत. त्यामुळे सांगलीच्या रस्त्यांवर दोन तासांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करणारा धावपटू साताऱ्यातही तीच वेळ गाठेल, असं नाही. का?

गणित काय?
अंतर २१.०९७५ किलोमीटर. दोन तासांसाठी सरासरी वेग हवा किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद.

साताऱ्यात काय बदलतं?
२०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीत शहरातून यवतेश्वर घाट चढून कास रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परतायचं. जाताना बहुतेक चढच. तिथे किलोमीटरला सव्वासहा मिनिटं लागली, तर सुमारे ६६ मिनिटं संपतात. उरतात ५४. म्हणजे परतताना प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ७ सेकंदांत हवा.

उतारावर वेळ भरून निघते?
थोडीफार. उतारावर मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात. त्याची सवय नसेल, तर शेवटच्या टप्प्यात पाय साथ सोडतात.

मग सराव कसा करायचा?
आठवड्यातून एकदा चढ-उतारावर धावा. सांगली-मिरजकरांना दंडोबा डोंगर जवळ आहे. चढताना घड्याळाकडे नाही, श्वासाकडे लक्ष द्या. छोटं वाक्यही बोलता येत नसेल, तर वेग कमी करा. उतरताना पावलं छोटी ठेवा.

लक्ष्य किती ठेवायचं?
पहिल्या वर्षी सपाटीवरच्या वेळेत काही मिनिटं वाढवूनच ठरवा. पुढच्या वर्षी तुलना करायची ती घाटातल्याच वेळेशी.