जुन्या वाड्यात कॅफे काढताय? आधी हा हिशोब करा

मागच्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "सर, जुन्या पनवेलमध्ये एक वाडा भाड्याने मिळतोय. कॅफे काढू का? लोक फोटो काढायला तरी येतीलच." मेनूत 60 पदार्थ होते आणि भांडवल म्हणजे घरची सगळी बचत.

मी म्हटलं, ताई, आधी हार्बर लाईन पकडा आणि सीएसएमटीला उतरा. फोर्ट भागात एक दिवस फक्त खायचं आणि बघायचं.

तिथे जुन्या इमारतींची काय कमी? सीएसएमटी स्टेशनच 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण स्टेशनसमोरच्या पंचम पुरीवालाकडे लोक इमारत बघायला जात नाहीत, गरम पुरी-भाजी खायला जातात. पटकन खाल्लं, उठले, पुढचा बसला. धोबी तलावचं कयानी 1904 चं. तिथे आजही ब्रून-मस्का आणि चहा चालतो.

बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 चं. पण ज्या बेरी पुलावासाठी ते ओळखलं जातं, तो सुरुवातीपासून नव्हताच! तो आला 1980 च्या दशकात. वर्षानुवर्षं हे हॉटेल मुख्यतः दुपारच्या जेवणावर चाललं, कारण आजूबाजूला ऑफिसं.

मुद्दा कळला का? जुनी वास्तू गिऱ्हाईकाला एकदा आणते. दुसऱ्यांदा आणतो तो पदार्थ.

आता हिशोब. समजा वाड्याचं भाडं 45,000, दोन माणसांचा पगार 30,000, वीज-गॅस-किरकोळ 15,000. झाले महिन्याचे 90,000, म्हणजे रोजचे 3,000. प्लेट 100 रुपयांची, त्यात माल 40 चा, हातात उरले 60. म्हणजे रोज 50 प्लेटा विकल्या तर फक्त खर्च निघतो. तुमचा पगार 51व्या प्लेटेपासून सुरू!

रविवारी फोटोवाले येतील हो. मंगळवारी दुपारी तीन वाजता कोण येणार? बँकेतले, कोर्टातले, बाजारात आलेले लोक. त्यांना 60 पदार्थ नकोत, चार चांगले हवेत. शिवाय 60 पदार्थ म्हणजे 60 प्रकारचा माल, आणि संध्याकाळी फेकून द्यायचा ढीग.

ताईंनी अजून वाडा घेतलेला नाही. सध्या घरूनच दोन पदार्थांचे डबे देतात आणि रोज प्लेटा मोजतात. 50 चा आकडा सलग महिनाभर दिसला, की मग भाड्याचं बोलू.

तुमचा आकडा किती? आजच वहीत मांडा.