विश्लेषण : गळाचे टोक आमिषात लपवायचे कशासाठी? बास मासेमारीतील ‘टेक्सास रिग’ काय आहे?

अमेरिकेत बास मासा पकडायला निघालेल्या माणसाच्या पेटीत मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांची पाकिटे हमखास सापडतात. गांडूळ गळाला ओवायचे, यात सांगण्यासारखे काय, असे वाटेल. पण ओवणे चुकले की मासा राहतो बाजूला आणि दिवसभर पाण्यातल्या फांद्याच गळाला लागतात.

बास म्हणजे कोणता मासा?

हॉटेलच्या मेन्यूकार्डावरचा ‘बासा’ नव्हे. तो मांगुरासारखा मिशावाला, व्हिएतनामकडचा. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत ‘सी-बास’ म्हणतात, पण त्याचाही इथे संबंध नाही. हा लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी. बुडालेले ओंडके, पाणवनस्पती यांच्या आडोशाला तो दबा धरून बसतो आणि भक्ष्य जवळ येताच तोंड उघडून ते पाण्यासकट आत ओढतो. टणक काही लागले तर लगेच थुंकून टाकतो. मऊ असेल तर जरा जास्त वेळ धरून ठेवतो. मासेमाराला हवा असतो तो हाच वेळ.

मग टेक्सासचा संबंध काय?

ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये घरच्या स्वयंपाकघरात असे प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. पुढे त्यांचा व्यवसाय टेक्सासमधील टायलर येथे गेला. त्या काळात टेक्सासात एकामागून एक धरणे होत होती. सॅम रेबर्नसारख्या जलाशयांत उभी झाडे तशीच पाण्याखाली गेली होती. बाससाठी ही उत्तम जागा, मासेमारासाठी मात्र डोकेदुखी. उघड्या टोकाचा गळ तिथे टाकला की तो लाकडात रुतणारच. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे टेक्सास रिग. यात गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच दडवलेले असते.

ते ओवतात कसे?

आधी दोरीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे ओवायचे, निमुळते टोक काठीच्या दिशेला ठेवून. त्याखाली गळ बांधायचा. सात इंची गांडुळाला साधारण ३/० किंवा ४/० क्रमांकाचा गळ चालतो. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध, जेमतेम अर्धा सेंटीमीटर खुपसून बाजूने बाहेर काढायचे. गांडूळ दांडीवरून वर सरकवत न्यायचे आणि गळाचे नेढे डोक्यात शिरले की गळ अर्धा फिरवायचा. आता टोक गांडुळाच्या अंगाकडे वळलेले असते.

खरी मेख यानंतर आहे. गळ तसाच लोंबता सोडून त्याचा बाक गांडुळाच्या अंगावर नेमका कुठे टेकतो, ते डोळ्यांनी मोजायचे. तिथेच गांडुळाला थोडा बाक देऊन टोक आत घुसवायचे. चार-पाच मिलिमीटरचीही चूक महागात पडते. गांडूळ ताणले गेले किंवा मध्ये फुगले, तर ओढताना ते भोवऱ्यासारखे फिरते, दोरीला पीळ पडतो आणि त्यात नैसर्गिक असे काहीच उरत नाही. ते सुतासारखे सरळ लोंबले पाहिजे. नवखे इथेच घाई करतात.

टोक लपल्याची किंमतही आहे. हाताला टकटक जाणवली की दोरीतला ढिलेपणा काढून काठी जोरात मागे खेचावी लागते, कारण टोकाला आधी प्लॅस्टिक भेदायचे असते आणि मग माशाचा जबडा. म्हणून काठी ताठ लागते.

दुसऱ्या पद्धती नाहीत?

आहेत. कॅरोलायना रिगमध्ये शिसे गळापासून दीड-दोन फूट वर असते, त्यामुळे गांडूळ तळाशी मोकळे तरंगते. वॅकी रिग पाहणाऱ्याला चूकच वाटते : गांडूळ मधोमध टोचायचे, दोन्ही टोके हलत राहतात. मोकळ्या पाण्यात ती फार चालते, मात्र फांद्यांत टोक अडकते.

वाद कशावरून?

मऊ आमिष मासा कधीकधी खोल गिळतो. अमेरिकेत बास पकडून सोडून देण्याची प्रथा स्पर्धांमुळे रुजली. १९७२ पासून ‘बी.ए.एस.एस.’ या संघटनेने ती आपल्या स्पर्धांत आणली. पण घशात रुतलेला गळ ओढून काढला तर सोडलेला मासा जगण्याची शक्यता घटते. तेव्हा दोरी गळाजवळ कापून सोडणे बरे, असे सांगितले जाते. टकटक होताच खेचले तर ही वेळ सहसा येत नाही.

दुसरा प्रश्न फाटलेल्या गांडुळांचा. ती कुजत नाहीत, तळाशी पडून राहतात आणि मासे ती खातात. मेन राज्यात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक आले होते. बंदी काही झाली नाही. वॅकी रिगमध्ये गांडुळे सर्वाधिक फाटतात. तिथे अनेक जण आता गांडुळाच्या मध्यावर रबरी कडे चढवतात आणि गळ कड्याखालून घालतात. एकच गांडूळ बरेच मासे टिकते, पाण्यातही कमी पडते.