वाटा कितीचा?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मी गेलो होतो तो एका पहाटेचे दृश्य टिपायला. पटकथेत एवढेच होते: ‘नौका येतात. ती वाट पाहते.’ अवघे पाच शब्द! पण त्यांच्यापायी गाडीभाडे, कॅमेऱ्याचे भाडे, पंधरा माणसांचे जेवणखाण. आणि नौका काही आमच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. पहिला दिवस वाया गेला. निर्माते महाशयांनी मुंबईहून फोनवर विचारले, “तिने घरातच वाट पाहिली तर नाही का चालणार?”

आता हसू येते. तेव्हा आले नाही.

धक्क्यावर एका वयस्क तांडेलाशी गप्पा जमल्या. त्याच्या नौकेचा हिशेब सरळ होता. मासळीचे जे येईल त्यातून डिझेल, बर्फ, शिधा वजा. उरेल त्याचे वाटे मालकाला, तांडेलाला, खलाशांना. जाळे रिकामे, तर सगळ्यांचेच हात रिकामे.

“आमचाही धंदा असाच,” मी ऐटीत म्हणालो आणि त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली चित्रपटाला भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी वाटाणा पेरला, दिवसामागून दिवस त्याचे थोडेथोडे चित्रण केले आणि रोपटे पडद्यावर भराभर वाढताना दाखवले. सावकाराला गोष्ट पटवायची तर आधी ती दिसावी लागते! सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, अंधारात बसून फिल्मला भोके पाडली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

तांडेलाने शांतपणे ऐकून घेतले.

“मग त्या बाईंचा वाटा किती?”

मला उत्तर देता येईना. त्याने तारा धरून उभ्या असलेल्या आमच्या पोरांकडे मान वळवली. “आणि ह्यांचा?”

त्या पोरांना मी ‘पिक्चर लागल्यावर देतो’ म्हणून आणले होते. एकाही खलाशाशी त्याने असा करार केला नसता.

दुसऱ्या दिवशी नौका आल्या. दृश्य झाले, पडद्यावर ते जेमतेम चाळीस सेकंद आहे. मुंबईस परतल्यावर माझ्या मानधनाचा हप्ता मिळाला, त्यातून दोघांचे पैसे चुकते केले. तिसऱ्याचे राहिले आहेत. दिवाळीपूर्वी देतो असे त्याला सांगितले आहे, आणि तो हा अंक दरवर्षी वाचतो.